बिडाची पन्हळ आणि माझी शिडी

आणि वर मलाच विचारतात, या वयात शिडीवर चढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? अहो, सांगायला कशाला हवं कुणी? तुम्हाला सांगतो, छपराची जुनी बिडाची पन्हळ, म्हणजे ओतीव लोखंडाची, उचलायला जड आणि आपटली की काचेसारखी फुटणारी, जिला हात लावायला भलेभले कचरतात, ती मी एकट्यानं अखंड खाली उतरवली. एक तडा नाही! आता... उतरवली म्हणजे, ती उतरली तेव्हा मी तिच्या जवळपास होतो. पण एकटाच होतो की!

पन्हळ गंजून तिला भोकं पडलेली. छपराचं पाणी थेट भिंतीत आणि भिंतीची ओल थेट आमच्या उशाशी. कारागीर आला, मान वर करून म्हणाला, हातोड्यानं तुकडे करून खाली टाकतो, नवी प्लास्टिकची लावू. मी म्हटलं, बाबा रे, तू पन्हळ काढायला आलायस की तिच्यावर सूड उगवायला? आणि ती तुझी प्लास्टिकची, तिच्यावर कावळा बसला तरी वाकेल! चहा पाजला आणि म्हटलं, तू उद्या ये, नवी लावायला. जुनी मी काढतो.

खरं कारण वेगळंच. मागं दिवा बदलताना मी गंमत म्हणून शिडीवरून 'गेलो, गेलो' करत एका हातावर लोंबकळलो. जीभबीभ बाहेर काढून. लेक नेमकी दारात! आधी रडली बिचारी, मग अशी चिडली... आईवर गेलीय. म्हणाली, ही शिडी मी माझ्या घरी नेणार. आता तुम्हीच सांगा, माणसाची शिडी नेली तर उरतं काय? खुर्ची! आणि एकदा खुर्चीत बसवलं की लोक हातात पेपर देतात आणि विसरून जातात. बघितलेत मी तसले. मग मी घासाघीस केली, हातापाया पडलो, शेवटी लेक म्हणाली, "पन्हळ फुटली नाही आणि तुम्हीही फुटला नाहीत, तर शिडी तुमची. संध्याकाळी येते बघायला."

झालं! सकाळीच पाना खिशात घातला आणि बायकोला बजावलं, आज शिडीचं नाव काढायचं नाही. कारण ती लेकीच्या पार्टीतली.

आता लोक शिडी भिंतीला टेकवतात. कच्चे लोक! शिडी टेकवावी पन्हळीला, कशी तळहातावर हनुवटी ठेवल्यासारखी बसते. आयुष्यभर मी तशीच टेकवली. तशीच टेकवली आणि चढलो. पन्हळीला खालून लोखंडी आकडे, आकड्यांना गंजलेले नट. पहिल्या नटाला तेल पाजलं, दोन शिव्या दिल्या, निघाला. तेवढ्यात खालून बारीक आवाज, "अहो, ती शिडी..." मी म्हटलं, काय ठरलंय? नाव काढायचं नाही! "अहो, पण तुम्ही ती शिडी कशाला..." काढायचं नाही म्हणजे काढायचं नाही!

गप्प झाली. आमची बायको गप्प झाली की मी खरं म्हणजे घाबरायला हवं, पण त्या दिवशी मी रंगात आलो होतो. शिडी सरकवायची, आकडा काढायचा, पुन्हा सरकवायची. आणि गंमत बघा, आकडे निघाले तरी पन्हळ ढिम्म! मी दरवर्षी फासलेल्या रंगाच्या थरांनीच ती छपराच्या कडेच्या फळीला चिकटून बसलेली. म्हणजे घर धरून कुणी ठेवलं होतं? मीच!

खाली बघतो तर ही बाई घरातल्या गाद्या ओढत अंगणात आणतेय. मी वरून म्हटलं, "काय गं, आजच मुहूर्त मिळाला गाद्यांना ऊन द्यायला? आणि तेही सावलीत?" मान वर करून बघितलंसुद्धा नाही. उश्यासुद्धा मांडल्या.

मग शेवटचा आकडा, माडीवरच्या आमच्या खोलीच्या खिडकीशेजारचा. नट फिरवला, आकडा हातात आला, आणि कानाशी आवाज... क र्र र्र. रंग सुटायला लागला. तेव्हा तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिडी टेकलीय पन्हळीला. पन्हळ टेकलीय... कशाला?

मी खिडकीची चौकट धरली. पायाखालून शिडी निघाली. खिडकी उघडीच, आणि आत ही उभी, पदर खोचून, जशी बसची वाट बघत असावी. मी म्हटलं, "अगं... शिडी..."

"नाव काढायचं नाही ना?" म्हणाली, आणि माझा कमरेचा पट्टा धरून मला पोत्यासारखं आत घेतलं. मागं धप्प! पन्हळ गादीवर, शिडी पन्हळीवर. वाकून बघितलं... तुम्हाला सांगतो, एक तडा नाही!

मग माझी छाती पुन्हा फुगली. बिनगादीच्या पलंगावर बसलो, फळ्या टोचत होत्या, पण ऐटीत बसलो. म्हटलं, लाव लेकीला फोन. सांग, पन्हळ फुटली नाही, बाप फुटला नाही, शिडी माझी!

बायको खिडकीतून त्या मोकळ्या छपराकडे बघत होती. म्हणाली, "तुमचीच हो. फक्त उद्यापासून टेकवणार कशाला, तेवढं सांगा."