चौदाला घातला, सोळाला परत

शालन : कंपनीचा अर्ज लिहून झाला का? वाच बरं एकदा.

निकिता : इंग्रजीत आहे, आत्या. मराठीत सांगते. "आदरणीय सर किंवा मॅडम, मी हडपसरला घरी पांढरे कुर्ते शिवते आणि तुमच्या ॲपवर विकते…"

कांताबाई : सर का मॅडम, त्ये तरी ठरवा की.

निकिता : तिथे माणूस नसतोच बहुतेक, मावशी. मशीनच वाचतं.

कांताबाई : मग मशीनला कशापायी आदरणीय? माझ्या ह्या शिलाई मशीनला सात वरसांत कुणी आदरणीय म्हणलं न्हाई.

शालन : कांताबाई, तुम्ही काजं करा. पुढं वाच, निकिता. सहाच्या आत पाठवायचंय. साडेचार वाजून गेले.

निकिता : "या एप्रिलमध्ये मी एकशे ऐंशी कुर्ते पाठवले. त्यातले त्र्याहत्तर परत आले."

शालन : का परत आले तेही लिही. हे गठुळं बघ समोर. ह्याला निळीचे डाग. ह्याला घामाचा वास. ह्याच्या खिशात मिरवणुकीतल्या सरबताचा कागदी ग्लास निघाला, चेपलेला. चौदाला घातला, सोळाला परत. जयंतीही झाली आणि पैसेही वाचले.

निकिता : हे असं नाही लिहिता येत.

शालन : का? खोटं आहे?

निकिता : खोटं नाही गं. पण कस्टमरला ब्लेम केलेलं कंपन्यांना आवडत नाही. आणि खरं सांगू का, सगळेच करतात हे. रिटर्न पॉलिसी त्यांचीच आहे. लोकांना वाटतं एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो.

शालन : तिला पडतच नाही. जाताना भाडं माझं, येताना भाडं माझं. सेल त्यांनी लावला, सूट माझ्या किमतीतून गेली. कुर्ता परत आला तो चुरगळून, डाग पडून. कंपनीच्या साहेबाच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

कांताबाई : आन् आमी मातुर पिवळे डाग घासत बसलोय. नखं गेली माझी.

निकिता : मग ॲपवर विकायचंच कशाला, आत्या?

शालन : मग कुठं विकू? बाजारात बसत होते तेव्हा बाया यायच्या, कापड चोळून बघायच्या, मोबाइल काढून म्हणायच्या, "ऑनलाइन दीडशे कमी आहे." त्यांच्या मागं मागं मीही ॲपवर गेले. गिऱ्हाईक जिथं जाईल तिथं जावं लागतं.

कांताबाई : आपन बी काय कमी न्हाई, शालनताई. दोऱ्याची खोकी तुमी कुठनं मागवताय?

शालन : …तिथूनच.

कांताबाई : दत्तोबाचं बटना-दोऱ्याचं दुकान गेलं त्ये आसंच. तुमच्या पहिल्या मशीनचा पट्टा त्यानंच बसवून दिलेला, फुकाट. आता तिथं मोमो मिळत्यात.

शालन : मिळतात. खोक्यामागं बावीस रुपये वाचत होते मला. मी स्वतःला कुठं वगळतेय? पण दत्तोबाकडचं रीळ अर्धं वापरून, गुंडाळून, "खराब निघालं" म्हणून मी कधी परत केलं नाही.

निकिता : आत्या, तुला आठवतं? मी सातवीत होते. लक्ष्मी रोडला तू मला ड्रेस घ्यायला नेलं होतंस. दुकानदारानं गप्पा मारत मारत आडनाव विचारलं. तू सांगितलंस. त्यानंतर त्यानं वरच्या कप्प्यातला एकही ड्रेस खाली काढला नाही. "ते तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार," म्हणाला. तू पर्स उघडलीसुद्धा नव्हतीस.

शालन : आठवतं.

निकिता : ॲप आडनाव विचारत नाही. पाच ड्रेस मागवले, चार परत केले, कुणी तोंड वाकडं करत नाही. आमच्यासारख्यांना पहिल्यांदा कुणीतरी आडनाव न बघता माल दाखवतंय. एवढं सोपं नाही ते वाईट म्हणणं.

शालन : हे मात्र खरं बोललीस. त्या दुकानदाराचा राग माझ्याही पोटात आहे अजून. त्याला फसवलं असतंस तर मी एक शब्द बोलले नसते. पण त्याचं दुकान तीन मजल्यांचं झालं, निकिता. फसवायला तुला मीच सापडले.

निकिता : म्हणजे? मी कुठे फसवलं?

शालन : पुढचं लिही आधी. खरी अडचण ती नाही. "आवडला नाही" म्हणून परत आलं की फक्त नुकसान होतं, खातं बंद होत नाही. "माल खराब" अशा पाच तक्रारी आल्या की इशारा, सहावी आली की खातं बंद. सहावी सोळा तारखेला आली. "शिवण उसवली," म्हणे. फोटो जोडलाय. कांताबाई, तो कुर्ता द्या तिच्या हातात.

कांताबाई : ही बघ पोरी, काखेतली शिवण. आमी शेवटाला दोनदा माघारी टाका घालतो. आशी शिवण उसवत न्हाई, कापड फाटंल आधी. आन् दोऱ्याची टोकं बघ कशी सारखी हायत. ही ब्लेडनं कापलीय कुनीतरी. बसून, निवांत.

निकिता : …असेल.

शालन : असं का करत असतील गं लोक? तू शिकलेली, तुला माहीत असेल.

निकिता : काही कॅटेगरीत… नुसतं "आवडला नाही" टाकलं की परतीचे एकोणपन्नास रुपये कापतात. "डॅमेज" टाकलं की फुल रिफंड मिळतो. पण फोटो लागतो.

कांताबाई : एकुनपन्नास. वडापाव दोन.

शालन : तो फोटो उघड. अर्जाला जोडायचाय ना. मोठा कर. अजून. कुर्त्याखाली काय अंथरलंय?

निकिता : चादर आहे काहीतरी.

शालन : चादर नाही. नीट बघ. हिरवा तुकडा कशाचा आहे?

निकिता : आत्या…

शालन : कशाचा?

निकिता : आजीच्या लुगड्याचा.

शालन : आणि शेजारचा ठिपक्यांचा माझ्या लग्नातल्या परकराचा. तू पोटात होतीस तेव्हा दीड महिना बसून शिवली ही वाकळ. कंपनी मला गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही, पत्ता सांगत नाही. पण माझा टाका मला कळतो.

निकिता : तुला कधीपासून माहीत आहे?

शालन : फोटो आला त्या दिवसापासून. चार दिवस वाट बघितली. म्हटलं फोन करशील.

निकिता : शपथ सांगते, तुझा आहे हे मला माहीत नव्हतं. तिथे नाव "एस. के. ट्रेंड्झ" आहे. मी नुसतं व्हाइट कुर्ता, ब्लू बॉर्डर असं सर्च केलं आणि सगळ्यात स्वस्त होता तो घेतला.

शालन : घरच्या ग्रुपवर मी दुकानाची लिंक टाकली होती. नावासकट.

निकिता : ग्रुपवरच्या लिंक कोण उघडतं, आत्या? माहीत असतं तर मी असं केलं असतं का?

शालन : नसतं केलंस. म्हणजे दुसऱ्या कुठल्या बाईनं शिवलेला असता तर चाललं असतं.

निकिता : असं नाही म्हणायचं मला.

शालन : म्हणायचं नाही, पण केलंस ते तेच. चौदाला विहारात माईकवर पंचशील कुणी म्हटलं? तू. मी समोर बसले होते. मला वाटलं पोरीनं माझा कुर्ता घेतला, सांगितलं नाही, अचानक दाखवायचा असेल. डोळे भरून आले माझे. आणि तू म्हणत होतीस, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. तेव्हा मागं मानेला टॅग टोचत असेल ना?

निकिता : बास ना, आत्या. मी तक्रार मागे घेते. आत्ता. तुझ्यासमोर. थांब… ऑर्डर… हे इथे… नाही होत. "रिफंड पूर्ण झाला असल्याने बदल करता येणार नाही."

कांताबाई : कापायला जागा हाय, जोडायला न्हाई.

शालन : मग अर्जात लिही. ही तक्रार खोटी होती, असं गिऱ्हाईक स्वतः सांगतंय. नाव, ऑर्डरचा नंबर, तुझी सही.

निकिता : माझं नाव?

शालन : दुसऱ्या कुणाचं टाकायचं?

निकिता : आत्या, म्हणजे मी लेखी फ्रॉड कबूल केल्यासारखं होतं. माझं अकाउंट ब्लॅकलिस्ट करतील. मी एचआरमध्ये आहे, कुठे बाहेर आलं तर… आणि पुढच्या आठवड्यात सेल आहे. फ्रिजसाठी तीन महिने थांबलेय मी.

कांताबाई : फ्रिज.

निकिता : मी पैसे देते ना. कुर्त्याचे, भाड्याचे, सगळे. ऑफिसमधल्या दहा जणींना सांगून फाइव्ह स्टार टाकायला लावते.

शालन : न घेतलेल्या कुर्त्याला? म्हणजे पहिलं खोटं झाकायला आणखी दहा. पैसे नकोत मला. पैसे सहाव्या तक्रारीनं गेले नाहीत, धंदा गेलाय. नाव लिहितेस का, एवढं सांग.

निकिता : "एका ग्राहकाने चुकून तक्रार नोंदवली" असं लिहू? तेवढं पुरेल.

शालन : चुकून.

निकिता : सौम्य वाटतं.

शालन : लिही. तुला जे झेपेल ते लिही. पाठव.

निकिता : …पाठवलं. होईल काहीतरी. ते लोक बघतात व्यवस्थित. अरे, आलंसुद्धा उत्तर.

कांताबाई : येवढ्यात वाचलं बी?

निकिता : "आपले निवेदन तपासले. पुरेसा पुरावा आढळला नाही. निर्णय कायम आहे. आपला दिवस शुभ असो."

(शिलाई मशीन थांबते.)

कांताबाई : शालनताई, मी सोमवारी यिऊ का न्हाई, तेवढं सांगा. मांजरी गावावरनं रिक्षाचं भाडं घालून यायचं, म्हनून इचारतीय.

शालन : सोमवारी नको. हे त्र्याहत्तर धुऊन, इस्त्री करून फुटपाथवर बसते मी. त्यातून जे येईल त्यात तुमचा पगार आधी. मग बघू.

कांताबाई : बरं. कात्री माझी हाय, घिऊन जाते.

निकिता : आत्या, मी पण निघते. रागावू नकोस ना. मी दुसऱ्या ॲपवर तुझं खातं काढून देते, रविवारी येऊन.

शालन : रविवारी येच. येताना ती वाकळ घेऊन ये.

निकिता : वाकळ? का?

शालन : परत घेतेय.

निकिता : …धुऊन आणू?

शालन : नको. वापरलेलं परत घ्यायची सवय झालीय आता.