सोजरबाईच्या मांडीवर कोणी बसेना

...आणि वर मलाच विचारतात, "हे बसाले हाये का पाया पडाले?" अहो, बसायला! बाकडं आहे ते! महिनाभर मरमर करून, सळया वाकवून, जाळी बांधून, सिमेंट थापून, फुटक्या टाइल्सचा एकेक तुकडा चिकटवून बाकडं बनवलं, आमच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली, अख्ख्या गावासाठी. त्यावर माणसानं करायचं काय होतं? उपास धरायचा होता? परीक्षा द्यायची होती? तुम्हाला सांगते, फक्त बसायचं होतं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी उगाच तापते. मी योगिनी. केनवडपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. अमरावतीत चित्रकलेची डिग्री केली आणि यंदा अहमदाबादच्या एका कॉलेजात फर्निचर डिझाइनला माझा नंबर लागला. मी नाचत घरी आले. बाबा, म्हणजे आमचे दौलतराव, ओट्यावर बसलेले. म्हणाले, "फर्निचर? मंजे सुतारकाम? त्याच्यासाठी अहमदाबादले काहून जा लागते? केनवडले दोन सुतार हायेत."

"बाबा, वस्तू अशीच का असते, दुसरी कशी असू शकते, हे शिकायचं असतं."

"खुर्ची खुर्चीसारखी असते. शिकाचं काय त्यात?"

आणि हे बोलताना बाबा बसले होते कशावर? प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, जिचा एक पाय मोडला तेव्हा त्यांनीच त्याला बांबूचा तुकडा लावून बायंडिंग तारेनं असा काही आवळला होता, की खुर्चीचे बाकीचे तीन पाय मोडतील पण तो मोडणार नाही! हे डिझाइन नाही तर काय आहे? स्वतः करतील, पण शिकायचं म्हटलं की, "बी.एड. कर."

बरं, बाबांना कला कळत नाही असंही नाही हो. नागपूरला मी त्यांना एका प्रदर्शनात नेलं होतं. एक मोठं दालन, आणि छतापासून टांगलेली तीनशे जुनी सुपं. नुसती हवेत. पंख्याच्या वाऱ्यानं हलणारी. मी तर जागच्या जागी खिळले. बाबा म्हणाले, "चांगली सुपं हायेत. वाया गेली." आणि मग तेच बाबा पाऊण तास त्या सुपांखाली मान वर करून फिरले. हे आपल्याकडचं, हे तिकडचं, याची कड कातड्यानं बांधली, याची चिंधीनं... तिथला पहारेकरीसुद्धा ऐकायला आला! मला प्रश्न पडला, माणसाला एवढं दिसतं, मग "मला दिसलं" असं म्हणायला काय होतं?

तर बाकडं. तुम्ही गावोगावची ती सिमेंटची बाकडी कधी नीट पाहिली आहेत का? 'अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेली? सगळी एका साच्यातली. उंची एवढी की बाईमाणसाचे पाय लोंबकळतात. पाठ अशी सरळ की जणू हेडमास्तर मागे उभा आहे. उन्हाळ्यात तवा, हिवाळ्यात बर्फाची लादी. आमच्या फाट्यावर, मोडून पडायच्या आधी, असं एक होतं, आणि त्यावर पुरुष बसायचे, आणि बाया कुठे? खाली, जमिनीवर, बाकड्याच्या पायाला टेकून! मी पाहायचे आणि मला कोडं पडायचं. बसण्यासाठी बनवलेल्या वस्तूवर माणूस बसत का नाही?

म्हणून मी एक वही केली. आमच्या गावात माणूस बसतो कसा, त्याची चित्रं. हसू नका! बत्तीस प्रकार निघाले. उकिडवा, चपलेवर उकिडवा, एक पाय पोटाशी, दोन्ही पाय पोटाशी, मोटारसायकलवर आडवा, टायरवर, खताच्या गोणीवर, भिंतीला एक खांदा लावून धड बसलेलाही नाही आणि धड उभाही नाही... आणि माझी आजी, सोजरबाई, ती बसायची ती मांडी घालून. ऐसपैस. त्या मांडीत तुरीच्या शेंगा सोलल्या जायच्या, तांदूळ निवडले जायचे, शेजारच्या चार घरांची पोरं झोपायची. आजी गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

वर्षश्राद्धाला बाबा म्हणाले, आईच्या नावानं फाट्यावर एक बाकडं देऊ. तयार मिळते. मी उसळलेच! म्हटलं, तयार नाही, मी बनवते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं... आणि म्हणाले, "बनव. पन तुह्या बाकड्यावर गाव बसलं पायजे. मांडल्यापासून पंधरा दिवसांत बसलं, त अहमदाबादले जाय. नाई बसलं, त बी.एड.चा फॉर्म."

मी म्हटलं, बस्स? एवढंच? मी त्याच दिवशी कपाटावरची बॅग खाली काढली. फक्त बसायचं होतं हो!

आणि मी काय बनवलं असेल? आजीच. मांडी घालून बसलेली बाई, सात फुटांची. दोन्ही बाजूंना दोन गुडघे, मधे रुंद मांडी, ती बसायची जागा. मागे पाठीला आजीचं अंग, खांद्यापर्यंत, आणि त्यावरून खाली आलेला पदर. उंची अशी की कोणत्याही बाईचे पाय जमिनीला टेकावेत. वाकवणं-बांधणं सगळं सेवादास मिस्त्रीचं. तांड्यावरचा माणूस, हातात जादू! पदराला रिसोडच्या दुकानातल्या फुटक्या टाइल्स आणि बांगड्यांचे तुकडे लावत होतो, तर तो म्हणाला, "ताई, काठाले आरसे लावू का? माह्या मायच्या ओढणीले असतेत. लांबून चमकतीन." लावले. सकाळचं ऊन आलं की पूर्ण फाटा चमचम करायचा. अहाहा!

बाबा आले. मागे हात बांधून एक फेरी मारली. दोन फेऱ्या मारल्या. "मुंडकं कुठी हाये?"

"मुंडकं नाही बाबा. त्याची गरज नाही. नुसती मांडी पाहिली तरी कळतं."

"कोनाची हाये ते कसं कळन?"

"कळायची गरजच नाही! कोणाचीही आजी!"

"नाई नाई. नाव टाक. माह्या मायच्या नावानं हाये, नाव पायजे." आणि स्वतः पेंटर आणून, मधोमध, ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं: 'कै. सोजरबाई यांच्या स्मरणार्थ'. मी म्हटलं जाऊ दे, नावानं काय होतंय?

काय होतंय? ऐका!

नारळ फुटला. अख्खं गाव जमलं. "वा वा", "काय काम केलं पोट्टीनं", फोटो, व्हिडिओ, सगळं झालं. मी म्हटलं, आता बसा. कोणी हलेना. म्हटलं, अहो बसा! आजीचे चुलत दीर होते तिथे, पंचाहत्तरीचे, काठी टेकत आलेले, पाय लटपटत होते. त्यांना म्हटलं, आजोबा, तुम्ही बसा पहिले. ते दोन पावलं मागे सरले. "अवं, येडी झाली का? माह्या वयनीच्या मांडीवर मी बसू? या वयात? लोकं काय म्हनतीन!"

मी भागिरथाकाकूंकडे वळले. आजीच्या वयाच्या, समोरच्या घरातल्या. त्यांनी तोंड फिरवलं. "जित्तेपनी तिच्या ओट्यावर पाय नाई ठेवला मी चौदा वर्सं. आता मांडीवर बसू? वरून पाहून हासन ते."

आणि सुना? त्यांचं तर विचारूच नका. एकेक सून फाट्यावर यायची, बाकडं दिसलं की थबकायची, डोक्यावर पदर ओढायची आणि खालमानेनं बाजूनं निघून जायची. सिमेंटसमोर! मी म्हटलं, "वहिनी, हे बाकडं आहे!" तर म्हणे, "हाव, पन सासुबाईच हायेत न त्या."

बरं, गावचे नाही तर नाही, परगावची माणसं तरी बसतील? बसत होती की! किन्हीराजाकडचे एक मास्तर गाडीतून उतरले, घाम पुसत सरळ येऊन टेकले, तोच टपरीवरून चहावाला ऋषिकेश ओरडला, "ओ सर! उठा उठा! आमची म्हातारी हाये ते!" मास्तर असे उडाले, जणू खरंच कोणाच्या अंगावर बसले होते. हात जोडून माफी मागितली. कोणाची? बाकड्याची!

पाचव्या दिवशी गुडघ्यावर हळदीकुंकू. सातव्या दिवशी अगरबत्ती. नवव्या दिवशी नवी नवरी आणली पाया पडायला. मला कळेना, रडू की त्याचंही चित्र काढू! अमरावतीला सर सांगायचे, कलाकृतीशी लोकांचं नातं जुळलं पाहिजे. जुळलं ना सर! इतकं जुळलं की आता तिच्यासमोर सगळे उभे! फक्त बसायचं होतं...

एक मात्र गंमत झाली. लोक बसत नव्हते, पण थैल्या ठेवायला लागले. वांग्याची थैली, दुधाची कॅन, एकदा तर झोपलेलं तान्हं पोर, आणि आई गेली चहा प्यायला. "राहू दे, म्हातारी सांभाळते." मी धावत बाबांना सांगायला गेले. बाबा, मांडीचं काम मांडी करते आहे! माझं डिझाइन चाललं! तर बाबा शांतपणे म्हणाले, "थैल्या बसल्या. मानूस बसलं का?"

आणि बाबा रोज संध्याकाळी मोटारसायकल कडुनिंबाला लावून, तिच्यावर आडवे बसून, पंचासारखे बघायचे. प्रकार नंबर पाच! चौदा दिवस गेले. चौदाव्या दिवशी मी बॅग उचलून परत कपाटावर टाकली आणि वही चाळत बसले. बत्तीस चित्रं. बाबा होते, ऋषिकेश होता, सेवादास होता, भागिरथाकाकू तर दोनदा. आई नव्हती.

माझी आई. वैजयंती. घरातली बाई, जी मला रोज दिसते, तिचं एकही चित्र नाही! मी आठवायला लागले, आई बसते कशी? मला आठवेना. आजी समोर असताना आई कधी बाजेवर, खुर्चीवर, ओट्यावर टेकली नाही. सव्वीस वर्षं. आणि आजी गेल्यावरही सवय गेली नाही. मी एवढी शहाणी, मोजपट्टी घेऊन गावभर हिंडले, आणि घरात नाही पाहिलं.

पंधरावा दिवस. संध्याकाळ. बाबा मोटारसायकलवर. गाडीची वाट बघणारे दहा-पंधरा लोक, अर्थातच उभे. मी टपरीपाशी. आणि गावाकडून आई येताना दिसली. एकटी, कशासाठी ते कोणालाच माहीत नाही. बाकड्यासमोर आली. डोक्यावर पदर घेतला. मी मनात म्हटलं, झालं, आता हीपण पाया पडणार. तिनं चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या, आणि बाकड्याला म्हणाली, "आत्याबाई, पाय दुखून राह्यले माहे. पोरीलेबी जाऊ द्या लागते. सरका जराशा."

आणि बसली!

ऋषिकेशचा चहा उतू गेला तरी त्याला कळलं नाही. बाबा ताडकन मोटारसायकलवरून उतरले. "अवं... आईच्या समोर?"

आईनं मांडी घातली, पदर सारखा केला, पाठ हळूच टेकवली. मग म्हणाली, "त्यायनं काई म्हटलं नाई. तुमी काहून बोलून राह्यले?"

काय सांगू तुम्हाला! बाबांनी त्या बिनमुंडक्याच्या बाकड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं... आणि मागून भागिरथाकाकूंचा आवाज आला, "सरक व वैजयंते. चौदा वर्सं झाले, आता मलेबी पाहू दे कशी हाये हिची मांडी." टेकल्या. थोडं हलून पाहिलं. "नरम त नाई. पन बरी हाये." मग एक सून, मग दुसरी...

मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, "गाव बसलं पायजे म्हटलं होतं. हे त बायाच हायेत." मी बाकड्याकडे बोट केलं. तेच खाली बघत म्हणाले, "हाव हाव. भर बॅग."

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तेच तर सांगते!

आज मी निघाले. बाबांची सवय तुम्हाला माहीत नाही, गाडी साडेदहाची असली की हा माणूस सव्वानऊला फाट्यावर! एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, ऊन चढलेलं. म्हटलं, चला, निदान शेवटचा एक तास आपल्या बाकड्यावर निवांत बसू. मी अजून बसलेच नव्हते हो! आधी म्हटलं, आधी गाव बसू दे. मग गाव जे बसलं ते उठतंय कुठे? मधे आई, एका बाजूला भागिरथाकाकू, दुसऱ्या बाजूला दोघी सुना, गुडघ्यावर एकेक टेकलेली. आरशाच्या काठाला पाठ घासत सगळ्यांच्या गप्पा रंगलेल्या.

मी म्हटलं, "काकू, जरा सरका ना."

"बापा बापा! पंधरा दिवस बसा बसा करून डोस्कं खाल्लं, आता बसलो त उठवून राह्यली!"

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, आई तरी...? आई हसली. इतकी ऐसपैस हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आन, थैली दे इकडे. मांडीवर ठेवतो."

थैली घेतली. नीट ठेवली.

मग मी वही काढली आणि तेहतिसावं चित्र काढलं. आईचं. सव्वा तास लागला. कसं काढलं म्हणून काय विचारता? उभ्यानं!