घट्ट मुळांचं गवत

मुळं घट्ट असली की जगात कुणी कुणाला उखडू शकत नाही, असं हाडांच्या दवाखान्यात काटकोनात वाकून बसलेले गवत-संशोधक म्हणाले. समोर मानेला पट्टा लावून बसलेल्या शिंपीणबाईंना मान वळवता येत नव्हती; कान मात्र मोकळे होते.

"तुमची कंबर मात्र गेली," संशोधकांची बायको म्हणाली.

"अगं, गाय चरताना हिसका देते. जुनं गवत मुळासकट तिच्या तोंडात जायचं. हे नवं वाण मी दोन्ही हातांनी ओढलं. तसूभर हललं नाही."

"तुम्ही हललात."

"आठ वर्षं घातलीत त्यात. आता नापास झालं, तर निवृत्तीपर्यंत दुसरं होणं नाही. शेतावरच्या दादानं सकाळी त्यात गाय सोडली असेल ना?"

"सोडली. मघाशी त्याचा फोन आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधीच कण्हत होतात."

"उपटलं का गं?"

"नाही हो. एक काडीसुद्धा नाही."

"बघ! मी काय म्हणत होतो?"

"गाईनं ते नुसतं हुंगलं, आणि दादाचा टॉवेल खाल्ला."