सुई उडत नाही

रेकॉर्डच्या दुकानात बदली-परतीच्या रांगेत माझ्यापुढे एक गिटारमास्तर आणि त्यांची मुलगी उभी होती.

"बाबा, वाढदिवसाची भेट कोणी परत करतं का?"

"खराब निघाली तर करतात."

"खराब? कोरी करकरीत आहे!"

"तिसऱ्या गाण्यात सुई उडत नाही."

"अहो, ती आपल्या जुन्या रेकॉर्डवरच्या ओरखड्यानं उडायची. मूळ गाणं असंच आहे."

"माझे सगळे विद्यार्थी तिथे उडी मारूनच पुढे जातात."

"म्हणून तर आमच्या बँडला लोक विचारतात, मधल्या दोन ओळी कुठे गेल्या?"

"तू काय सांगतेस?"

"आमच्या घराण्यात असंच वाजवतात."

"शाब्बास!"

"बाबा, या अल्बमनं अर्ध्या जगाला हार्ड रॉक शिकवलं. त्या सगळ्यांचं चुकलं?"

"त्यांच्याकडे आमची रेकॉर्ड नव्हती, त्याला मी काय करू?"

"पण ओरखडा पडला कसा? तुम्ही तर कोणाला हात लावू देत नव्हता."

"तुझ्या आईनं पाडला. पहिल्यांदा माझ्या खोलीवर आली आणि त्या गाण्यावर अशी नाचली, की टेबलच हादरलं."

"तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडलो ना! भांडायला म्हणून तिच्या घरी गेलो, तो जेवूनच परतलो."

"पुढे या," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "काय बिघडलंय रेकॉर्डमध्ये?"

"काही नाही हो, राहू द्या. बाबा, घरी चला. आईचे गुडघे आज बरे आहेत, आणि टेबलही तेच आहे."