संघर्षचा काळा कपडा

— पेचकस ठेवा भैया खाली, फोन चांगला आहे. हो हो, शेखरनंच धाडलं तुमाले, माह्या भाच्यानं — नागपूरहून फोन लावून लावून थकला पोट्टा. मराठी समजते नं? तुमी हिंदीत बोला, चालते. पण हळू — आत कांताबाई पडली आहे, बायको माही, काळजाचं ऑपरेशन झालं तिचं.

बिघाड पाहाचा आहे? या, तांदळाच्या डब्यात आहे — हासता काहून? माह्या पोराची करामत आहे ही, संघर्षची! हैदराबादले लढाऊ विमानासाठी कपडा बनवे. कार्बनचे धागे, केसाहून बारीक, त्याच्यावर निकेल-लोखंडाचा मुलामा — चुंबक चिकटते कपड्याले, सांगतो काय! रडारच्या लहरी म्हणा, मोबाइलच्या म्हणा, आत जिरतात, परतून काही येत नाही. उरलेला तुकडा मले देला त्यानं — माकडाच्या हाती कोलीत! आपल्या अर्ध्या गुढियारी मोहल्ल्याचे फोन गुंडाळले मी. लोक टावरले शिव्या देत, अन् पोरगं हासून हासून लोळे... लोळत होता. मागच्या महिन्यात ट्रकनं —

हळू म्हटलं नं. तिले माहीत नाही. टाके ओले होते, डॉक्टर म्हणे धक्का नको — मी काय करू? लग्नाले जातो म्हणून एकटाच गेलो, एकट्यानंच माती देली, आलो तं म्हटलं, पोराचं काम गुप्त आहे, त्याले फोनची मनाई आहे. दारात कोणी आलं की बाहेरूनच वळवतो. पण फोन? समाजातले लोक फोन करतीनच नं — "फार वाईट झालं दयारामजी" — मंग ह्याच कपड्यात गुंडाळला, टाकला तांदळात, तिले म्हटलं रिपेरीले देला. रोज विचारे बिचारी — आला का हो फोन दुरुस्त होऊन? आता चार दिवस झाले, विचारतच नाही. पटलं वाटते तिले. आहे का नाही डोकरा बदमाश?

हे पाहा, काढतो — अरे. गाठ? मी तं रात्री ती निजली की चार्ज करतो अन् नुसती घडी घालतो भैया, करकचून मोडला की मुलामा झडते, संघर्षच सांगे. ही गाठ... पदरात चिल्लर बांधते कांता, तशी आहे...

वाजला असंन. तिच्या हातात वाजला असंन. अन् तिनं पुन्हा बांधून — तांदूळही वरून सारखे केले —

नका. खोलू नका ती गाठ. द्या इकडं.

हव कांता, मेकॅनिकच आहे! टावर खराब आहे म्हणते!

— निघा नं तुमी आता.