एकशे सदुसष्ट मांजरं

नाही, पण मला एक सांगा. घरात नवीन माणूस आला आणि दारातच म्हणाला, 'नमस्कार, मी तुमचे सगळे कागद वाचीन आणि मला वाटलं तर त्यातला मजकूर बदलीन,' तर तुम्ही त्याला आत घ्याल? खुर्ची द्याल? नाही ना? मग हे एक्स्टेंशन नावाचं प्रकरण बघा! ब्राउझरला जोडायचं एक शेपूट, एवढंसं, आणि पडद्यावर स्वच्छ लिहून येतं, 'हे एक्स्टेंशन सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकते.' वाचू आणि बदलू शकते! अहो, चोरसुद्धा इतकं तोंडावर सांगत नाही… आणि खाली निळं बटण, 'परवानगी द्या'. आणि सगळं जग ते दाबतं!

मी नाही दाबत. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफं तपासतो. चाळीस वर्षं संशय घेण्याचंच काम केलंय. अनुस्वार दिसला की मी आधी विचारतो, तू इथे कशाला? म्हणून तुम्हाला सांगतो, माझ्याकडे ब्राउझर तीन. एक डॉक्टरांची वेळ घ्यायला, एक वर्तमानपत्राला, एक प्रूफांना, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. का? एकदा मी गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी केली, एकदाच, दार लावून… तर महिनाभर बातमी उघडली की गुडघा, हवामान उघडलं की गुडघा! मी हिला म्हटलं, माझा गुडघा फोडला कुणी? ही म्हणते, 'अहो, जिन्यात भेटेल त्याला तुम्हीच सांगत होतात.' आता या बाईला काय सांगायचं!

तर आमची सूनबाई. पोरगी गुणी आहे, त्यात वाद नाही, पण धंदा काय, तर ही एक्स्टेंशनं बनवण्याचा! म्हणजे शत्रू घरातच. 'बाबा, हे घ्या, हे जाहिराती अडवतं.' मी म्हटलं, अडवायच्या तर आधी बघाव्या लागणार, म्हणजे हा वाचतो! 'बाबा, हे पासवर्ड लक्षात ठेवतं.' मी म्हटलं, मीही ठेवतो, वहीत, उलटे लिहून. 'बाबा, हे अक्षर मोठं करतं…' हे मात्र घेतलं, पण बटण तिलाच दाबायला लावलं. डोळ्यांपुढे माणसाचं काही चालत नाही.

मग एक दिवस हातात चहाचा कप घेऊन आली. 'बाबा, माझं नवीन एक्स्टेंशन आहे, पानावरच्या अवघड शब्दाजागी सोपा शब्द घालणारं. एवढं टेस्टिंग करू का तुमच्या मशीनवर? संध्याकाळी काढून टाकते.' आणि प्रूफांच्या ब्राउझरवर तेच… वाचू आणि बदलू शकते! आता चहा आणलाय, 'बाबा' म्हणतेय, माणूस किती ताठ राहणार? दाबलं. चाळीस वर्षांत एकदा दाबलं!

संध्याकाळी ती विसरली. मी पण विसरलो, कारण त्याच दिवशी प्रकाशनाकडून प्रूफं आली. हल्ली कागद कुठे येतो? लिंक येते, ब्राउझरमध्ये उघडायची, समासात शेरे टाइप करायचे. आणि संपादकबाई फोनवर काय म्हणाल्या? 'काका, हे नीट झालं की कोशाचं काम तुमच्याकडेच.' कोश! शब्दकोश! अहो, अकरा वर्षं वाट बघतोय मी त्याची. सगळ्या भाषेचं प्रूफ आपल्या हातून जाणार, आणखी काय पाहिजे माणसाला!

पुस्तक उघडलं. नाव, 'मांजरशास्त्र : एक ओळख'.

असेल. जगात कशाकशाची शास्त्रं निघालीत. आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम ऐका, अर्थात शिरायचं नाही. अर्थ लेखकाचा, ऱ्हस्वदीर्घ आपलं. पण हो, काय ते मराठी! 'मांजरची देवाणघेवाण.' मांजरची? अहो, मां-ज-रा-ची! सामान्यरूप नावाची काही चीज आहे की नाही? शेरा मारला. पुढे 'मांजरला योग्य क्रम द्यावा.' मांजराला! शेरा. 'मिळालेली मांजर जपून ठेवावी.' मिळालेली? ते मांजर, नपुंसकलिंग, मिळालेलं! शेरा. मला लेखकाचाच संशय यायला लागला, हा माणूस शाळेत गेला होता की नाही? 'गोपनीय मांजर कुलपात ठेवावी.' 'एकच मांजर दोन ठिकाणी साठवावी.' मी डोळे मिटून लिंग दुरुस्त करत गेलो. 'मांजर जुनी झाली की ती नष्ट करावी'… इथे मात्र हात थांबला. आधी 'जुनी'चं 'जुनं' केलं, 'ती'चं 'ते' केलं, आणि मग राहवेना, समासात लिहिलं, 'लेखकास विचारावे, खरोखर नष्ट?'

मध्ये विसाव्याला तिथेच हवामान उघडलं. 'अशी मांजर हवामान खात्याने दिली.' मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बघा, भाषा कुठे चाललीय, तिकडेही लिंग चुकलंय!

एकशे सदुसष्ट शेरे. पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन, आवाज असा मऊ, दवाखान्यात काढतात तसा. 'काका… बरे आहात ना? जेवण वगैरे वेळेवर?' म्हटलं, ठणठणीत. 'नाही, म्हणजे… पुस्तक माहितीशास्त्राचं आहे, काका. माहितीची देवाणघेवाण, माहितीला क्रम… आणि तुम्ही सगळीकडे लिहिलंय, "मांजराची असे हवे".' मग हळूच म्हणाल्या, 'कोशाचं आपण… थोडं थांबू या. तुम्ही विश्रांती घ्या.'

विश्रांती! पान पुन्हा उघडलं तर मांजरच! म्हणजे त्यांना माहिती दिसते आणि मला मांजर? मी स्वतःचाच संशय घ्यायला लागलो. हिला हाक मारली, 'जरा वाच गं, काय लिहिलंय?' ही चष्मा लावून म्हणाली, 'मांजरशास्त्र.' हुश्श! वेडा असलो तर जोडीनं आहे, एवढं तरी कळलं.

तेवढ्यात सूनबाई डोकावली आणि पांढरीफटक पडली. 'अय्या बाबा… माझं एक्स्टेंशन! मी काढलंच नाही! टेस्टिंगला मी "माहिती"च्या जागी "मांजर" टाकलं होतं…'

'पण मांजर का?'

'चटकन दिसतं म्हणून!'

चटकन! अख्खं पुस्तक तपासलं मी! तीन ब्राउझर ठेवणारा माणूस, गुडघ्याचा संशय, हवामानाचा संशय, लेखकाचा संशय… आणि ज्याचा घ्यायचा त्याचाच घेतला नाही! पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग मलाच कसंतरी झालं, म्हटलं, रडू नकोस, आधी फोन लाव. तिनं स्वतः लावला, सगळं स्वतःवर घेतलं. पलीकडे संपादकबाई इतक्या हसल्या की फोन खाली ठेवला. पुन्हा उचलून म्हणाल्या, 'काका, पुन्हा तपासून द्या. कोश तुमचाच. मांजराचंही सामान्यरूप न सोडणारा माणूस मी दुसरा कुठून आणू?'

संपलं असं वाटतंय तुम्हाला? छे! सूनबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा घेऊन हजर. चहा दिसला की मी हल्ली सावधच होतो. म्हणते, 'बाबा, माझ्या एक्स्टेंशनला सामान्यरूप येत नाही, लिंग येत नाही. तुम्ही नियम लिहून द्याल?' आता भाषेचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? बसलो. महिनाभर बसलो. नियम सगळे माझे, शब्द माझे, खोड्याही माझ्याच. आमची ही येताजाता म्हणायची, 'म्हणजे ते वाचणारं आणि बदलणारं तुम्हीच की हो! चाळीस वर्षं दुसरं काय केलंत?'

काल तयार झालं. सूनबाई म्हणाली, पहिला मान तुमचा. माझ्याच मशीनवर, माझ्याच ब्राउझरमध्ये, माझंच एक्स्टेंशन… आणि पडद्यावर आलं, 'तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकते. परवानगी द्यायची?'

पुन्हा एकदा अक्षर न अक्षर वाचलं. आणि 'रद्द करा' दाबलं. काय करणार… त्या माणसाला मी चांगला ओळखतो हो!