पायऱ्या नसलेलं हॉटेल

— नाही नाही, फोटोवर जाऊ नका. फोटोवर भुललेली माणसं परत आल्यावर याच टेबलापाशी उभी राहून माझा उद्धार करतात. हा पोहण्याचा तलाव बघा — कसा समुद्राला जाऊन मिळाल्यासारखा दिसतोय ना? घंगाळ आहे घंगाळ. दोघं आत उतरले की तिसऱ्याने काठावर बसून पाय भिजवायचे. फोटो काढणारा जमिनीवर पालथा पडून काढतो असले फोटो, मी स्वतः पाहिलाय पालथा पडलेला. तर बेटावर हॉटेल निवडताना आधी काय विचारायचं? खोली केवढी, नाश्त्याला काय — ते नाही. बेटाची कुठली बाजू, ते विचारायचं. एक बाजू वाऱ्याची, एक निवाऱ्याची. वाऱ्याच्या बाजूला कपडा वाळत घातला तर तो दुसऱ्याच्या खोलीत सापडतो. दुसरं विचारायचं, ओहोटीला समुद्र किती आत जातो. काही ठिकाणी एवढा जातो की समुद्र बघायला आलेली माणसं दिवसभर चिखल बघत बसतात. आणि जनरेटर कुठे आहे ते. हे कुणी विचारत नाही, आणि मग खिडकीखाली चक्की चालल्यासारखं आठ दिवस ऐकतात.

तुम्ही वडिलांना घेऊन जाताय म्हणालात, म्हणून हे टेकडीवरचं सुचवते. स्वच्छ आहे, माणसं अदबीची आहेत. पायऱ्या? — आहेत थोड्या. थोड्या म्हणजे... चाळीस-पन्नास असतील. बेचाळीस. पण मध्ये बसायला बाक आहे. गुडघे फारच गेलेत का त्यांचे? टपाल खात्यात होते म्हणता — पोस्टमन? अरे देवा. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या पायऱ्या चढले आणि आता... बरं. मग हे बंदराजवळचं बघू. इथे जिना एकच आहे, पण खोल्या सगळ्या वर.

कुठलं? हे पांढऱ्या छपराचं? — नाही, ते राहू दे. ते ठीक नाही. कागद द्या इकडे. म्हणजे पाण्याची अडचण आहे तिथे, नळाला गढूळ येतं. डासही फार. आणि दुरुस्ती चालू आहे, कायमचीच चालू असते. मला कसं माहीत? मी होते ना तिथे. अकरा वर्षं. खोल्यांची सगळी व्यवस्था माझ्या हाताखाली — चादरी, टॉवेल, फुलदाण्या, सोळा खोल्यांच्या किल्ल्या. उगाच नाही सांगत. या सहलींच्या धंद्यातले सगळे मला विचारतात त्या हॉटेलबद्दल, बाई तिथलं माणूस आहे म्हणून. आणि मी सगळ्यांना हेच सांगते. नऊ वर्षं सांगतेय.

असं काय बघताय? — सपाट दिसतंय म्हणता, एकही जिना दिसत नाही. हो, फोटोत नाही दिसत.

बरं, ऐका. गढूळ पाणी वगैरे काही नाही तिथे. झालं समाधान? तुम्ही पोलिसात आहात का? नाही — मग डोळे तसे करून बघू नका, माझ्या तोंडून भलतंच निघतं.

असं झालं. एक पाहुण्या बाई होत्या, त्यांचे कानातले हरवले. हिऱ्याचे. सकाळी नाश्त्याच्या वेळी ओरडा झाला. मालक आला आणि मला म्हणाला, तुझी पिशवी आण. मी आणली. मला काय भीती? तर म्हणाला, उलटी कर. इथे, या टेबलावर. नाश्त्याचं लांब टेबल, तीस माणसं हातात कप धरून बसलेली, आणि मी पिशवी उलटी केली. काय निघालं — फणी, बाबांच्या गुडघ्याला लावायचं मलम, उसवलेला ब्लाउज, बाईमाणसाच्या पिशवीत असतात त्या वस्तू. आणि साबणाचे तुकडे. पाहुणे गेले की खोलीत उरतात ना, ते अर्धे-मुर्धे तुकडे, फेकूनच द्यायचे असतात. आम्ही सगळ्याच नेत होतो घरी. मालकाने त्यातला एक उचलून सगळ्यांना दाखवला. म्हणाला, "साबण सोडत नाही ती हिरे सोडेल?" आणि माणसं हसली हो. सगळी नाही. पण हसली.

तेही मी गिळलं असतं. पण माझे बाबा तिथेच कामाला होते. धक्क्यावरून पाहुणे आणायची लाँच तेच चालवायचे, सत्तावीस वर्षं. कुणीतरी त्यांना बोलावलं. ते आले, टोपी काढली, टेबलावर पसरलेलं ते सगळं बघितलं, आणि मालकासमोर हात जोडून म्हणाले, "पोरीची चूक झाली असेल तर पदरात घ्या."

असेल तर, म्हणाले. झाली म्हणाले नाहीत. मी त्या दोन शब्दांवर किती वर्षं काढली तुम्हाला काय सांगू — पण हात तर जोडलेच ना? माझ्यासाठी. मी काही केलेलं नसताना.

त्याच दुपारी मला काढलं, आणि बेटावरून जायचं कसं, तर बाबांच्याच लाँचमधून. चाळीस मिनिटं. बाबा पुढे बघत होते, मी पाण्याकडे. धक्क्याला लागल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि जप म्हणाले. पुढे चौदा महिन्यांनी गेले, लाँचची दोरी सोडता सोडता, तिथल्या तिथे. त्या चौदा महिन्यांत आम्ही भेटलो, जेवलो, हवापाण्याचं बोललो. कानातल्यांचं एक अक्षर नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटायचं, बापाला सांगावं का लागावं?

आणि ते गेल्यावर तिथला आचारी मला भेटायला आला. बसला, रडला, आणि म्हणाला, ताई, तुला एक सांगायचं राहिलंय. कानातले पाचव्याच दिवशी सापडले होते. त्या बाईंच्याच बुटात, पुढच्या टोकाला, मोज्यात गुंडाळून त्यांनीच ठेवलेले. तसं पत्र आलं होतं बाईंचं — त्या मुलीची माझ्या वतीने माफी मागा. मालकाने वाचलं आणि खणात टाकलं. चौदा महिने ते पत्र त्या खणात, आणि पन्नास पावलांवर माझा बाप दोरी सोडतोय, बांधतोय. त्याला नुसतं हाक मारून सांगायचं होतं. चोराचा बाप म्हणून गेला माणूस.

तेव्हा मी डूख धरला. लोक म्हणतात सोडून द्यावं. त्यांनी सोडावं, मी नाही सोडलं. ही नोकरी मी मुद्दाम धरली. दंगा नाही, कोर्ट नाही. नुसतं कुणी विचारलं की म्हणायचं, "ते? ते राहू दे." एवढंच. एका वेळी एक कुटुंब. आज सोळा खोल्यांपैकी पाच उघड्या आहेत.

गेल्या वर्षी तो स्वतः आला. याच खुर्चीत बसला, तुम्ही बसलात तिथे. आता म्हातारा झालाय, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल. म्हणाला, बाई, तुमच्याकडून आमच्याकडे पाहुणे का येत नाहीत? मला ओळखलं नाही त्याने. अकरा वर्षं त्याच्या चादरी घातल्या, पण तोंड नाही आठवलं. मी म्हटलं, माहितीपत्रकं आणलीत का? तो पिशवीत हात घालून चाचपडायला लागला. म्हटलं, असं नको, सगळंच काढा ना बाहेर, टेबलावर ठेवा, म्हणजे नीट बघता येईल. काढलं त्याने. एकेक करून. पत्रकं, गोळ्यांच्या पट्ट्या, चष्म्याची मोडकी डबी, जेवणाचा डबा. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती बघत होती. मी सावकाश बघितलं सगळं. मग म्हटलं, ठीक आहे, भरा. कळवते. आणि तो मला धन्यवाद म्हणाला.

तुम्हाला वाटेल मला मग वाईट वाटलं. नाही. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले. बऱ्याच वर्षांनी.

आचाऱ्याचं मात्र... तो आला होता मध्ये. हॉटेल चालत नाही म्हणून काढलेल्यात तोही होता. ज्याने मला खरं सांगितलं, तोच. म्हणाला, ताई, कुठे काम असेल तर बघ, काय कळत नाही, हॉटेलला कुणाची दृष्ट लागली. मी एका कॅन्टीनचा पत्ता दिला. चहा पाजला. सुक्याबरोबर ओलं जळतं, त्याला मी काय करू? सांगा ना, काय करू? — दृष्ट माझीच आहे हे त्याला नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

काय म्हणालात? पुन्हा तेच. हो, विचारा, वडिलांसाठी विचारताय.

नाही. एकही पायरी नाही तिथे. धक्क्यापासून खोलीपर्यंत नाही. लाँचमधून उतरलात की लाकडी उतार आहे, हाताला कठडा आहे. तो माझ्या बाबांनी बांधलाय, सुट्टीच्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना. म्हाताऱ्या पाहुण्यांना उचलून घ्यावं लागायचं, आणि माणसाला उचललं की तो लाजतो, म्हणायचे. समुद्र निवाऱ्याचा. गुडघाभर पाण्यात दोनशे पावलं चालता येतं, खाली नुसती वाळू, एक खडा टोचत नाही. खोली तीन नंबरची मागा. पलंगावरून पाणी दिसतं.

नाही, थांबा. नोंदणी मी करणार नाही. माझ्या हाताने त्या माणसाच्या घरी एक पाहुणा जाणार नाही, मी मरेपर्यंत नाही. हे कागद उचला. त्या कोपऱ्यात चष्मेवाली मुलगी बसलीय ना, नवी आहे, तिच्याकडे जा. ती करून देईल. माझ्याशी बोललात हे सांगू नका तिला. आणि तिथे कुणी विचारलंच, कुणी पाठवलं म्हणून — तर कुणी नाही म्हणा.

उठा आता. माझी जेवायची वेळ झाली.